सेकंदाचा किती तुकडा हवा?

गणपतीची मिरवणूक झाली की ढोल-ताशाचे जे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतात, त्यांतले बरेचसे एकाच प्रकारे फसलेले असतात. वादकाचा फेटा नीट दिसतो, ढोलाचं पान नीट दिसतं, मागचा ध्वजसुद्धा ठीक असतो. पण टिपरू धरलेला हात कोपरापासून पुढे पुसून टाकल्यासारखा. काढणाऱ्याला वाटतं फोकस चुकला, किंवा कॅमेराच हलका आहे. बहुतेक वेळा दोन्ही नसतं. शटर १/६० सेकंद उघडं होतं आणि तेवढ्या वेळात टिपऱ्यानं जो प्रवास केला तो अख्खा फोटोत आला, एवढीच भानगड. टिपऱ्याचं टोक सेकंदाला पाच-सहा मीटर वेगानं खाली येतं असं धरलं, तर १/६० सेकंदात ते आठ-दहा सेंटिमीटर सरकतं. १/१००० ला तेच सरकणं पाच-सहा मिलिमीटरवर येतं.

शिकवताना अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), शटर (प्रकाश किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील) यांचा त्रिकोण काढून तिन्ही बाजू सारख्याच महत्त्वाच्या असल्याचं सांगायची पद्धत आहे. प्रकाशाच्या हिशेबापुरतं ते खरंही आहे. पण नवशिक्यानं तिघांना समान मानू नये, असं माझं मत आहे. फोटो थोडा काळा आला तर नंतर उजळता येतो, आयएसओ वाढून दाणे आले तर सॉफ्टवेअर ते बऱ्यापैकी घालवतं, पण हललेला फोटो हललेलाच राहतो. म्हणून कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी एकच ठरवायचं: या प्रसंगातला सेकंदाचा किती तुकडा मला हवा आहे? तो ठरला की अॅपर्चर आणि आयएसओ त्याच्यामागून यायला भाग पडतात.

आधी आकडा वाचायला शिकू, कारण पहिला घोळ तिथंच होतो. पडद्यावर किंवा डायलवर १२५ दिसतं, त्याचा अर्थ १/१२५ सेकंद. जागा वाचवण्यासाठी बरेच कॅमेरे वरचा १ गाळतात. पूर्ण सेकंद असले की आकड्यापुढे दोन छोट्या रेघा येतात. म्हणजे नुसता २ म्हणजे अर्धा सेकंद आणि दोन रेघांचा २ म्हणजे दोन सेकंद. रात्री हातात कॅमेरा धरून या दोन रेघा नजरेतून सुटल्या की पुढचे सगळे फोटो गेले. मुख्य पायऱ्या अशा: १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, १/१०००. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो, त्यालाच एक स्टॉप म्हणतात. आजच्या कॅमेऱ्यात चाक एक टिक फिरवलं की बहुधा पाऊण नव्हे, अर्धाही नव्हे, तर एक-तृतीयांश स्टॉप सरकतो. म्हणून १२५ नंतर १६०, २०० आणि मग २५० येतं. तीन टिक म्हणजे एक स्टॉप, हे बोटांना पाठ झालं की मिरवणुकीत पडद्याकडे बघावं लागत नाही.

आता किती वेगाला किती शटर, याचा तक्ता नेटवर जागोजागी मिळतो. तो पाठ करण्यापेक्षा एकदा गणित करून बघावं. माणूस ताशी पाच किलोमीटर वेगानं चालतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर. तुमच्या चौकटीत तीन मीटर रुंदीचा रस्ता मावला आहे आणि कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे आडवे ६,००० पिक्सेल. एका मिलिमीटरला दोन पिक्सेल पडले. १/६० ला तो माणूस २३ मिलिमीटर सरकतो, म्हणजे ४६ पिक्सेलचा फराटा. १/२५० ला ११ पिक्सेल. १/१००० ला तीनच. फोनवर बघणाऱ्याला ११ पिक्सेल जाणवणार नाहीत, भिंतीवर मोठा प्रिंट लावणाऱ्याला जाणवतील. यातून लक्षात येतं की नुसता वेग महत्त्वाचा नाही. तोच माणूस जवळ आला आणि चौकटीत दीडच मीटर मावायला लागलं की फराटा दुप्पट होतो. तो आडवा न जाता सरळ तुमच्याकडे चालत आला तर फराटा अगदी किरकोळ उरतो. म्हणून मिरवणुकीत पथकाच्या समोर थोडं तिरकं उभं राहिलं तर १/२५० वर भागतं आणि बाजूनं काढायचं तर १/५०० लागतं.

फोटो हलला असं आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि दोन्हींचं औषध वेगळं आहे. फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून बघा. झाडं, भिंत, माणसं, दिवे, सगळ्यांना एकाच दिशेनं सारखाच फराटा असेल तर कॅमेरा हलला. मागचं सगळं टोकदार आणि फक्त नाचणारा पुसट असेल तर तो माणूस हलला. नाचणारा मऊ, पण त्याच्या मागचा खांब लख्ख असेल आणि फराटा कुठेच नसेल, तर चूक शटरची नाही, फोकस खांबावर बसला आहे. ही तपासणी न करता सरसकट शटर वाढवत गेलं की आयएसओ उगाच चढतो.

कॅमेरा हलण्यावर जुना हिशेब आहे: शटरच्या खालचा आकडा लेन्सच्या मिलिमीटरपेक्षा कमी नको. ५० मिलिमीटरला १/५०, २०० ला १/२००. पण तो हिशेब ३५ मिलिमीटर फिल्मचा. सुरुवातीला घेतले जाणारे बहुतेक कॅमेरे एपीएस-सी, म्हणजे त्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचे असतात, तिथं निकॉन, सोनी, फुजीफिल्मसाठी दीडनं आणि कॅननसाठी १.६ नं गुणावं लागतं. म्हणजे २०० मिलिमीटरला १/३२०. लेन्सवर किंवा बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर तीन-चार स्टॉप खाली उतरता येतं, आणि इथंच लोक फसतात. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सावरतं, समोरच्याच्या हालचालीशी त्याचं काही देणंघेणं नसतं. १/१५ ला देऊळ शार्प येईल, देवळातून बाहेर येणारी आजी येणार नाही.

धरण्याची पद्धतही यात मोजावी लागते. कोपरं बरगडीला टेकवायची, डावा हात लेन्सच्या खाली, श्वास अर्धा सोडून बटण दाबायचं; दाबायचं म्हणजे हळूहळू भार द्यायचा, ठोसा मारायचा नाही. शटर मंद असेल तेव्हा तीन फोटोंचा बर्स्ट काढावा, म्हणजे बटण दाबून ठेवून लागोपाठ तीन. पहिल्यात बोट दाबल्याचा धक्का असतो, तिसऱ्यात सोडल्याचा, मधला बऱ्याचदा वाचतो.

परत ढोलाकडे येऊ. वेगवान शटरचा हव्यास सुटावा असा एक गुण ढोलवादनात आहे. टिपरू वर जातं, टोकाला पोहोचतं आणि खाली यायला वळतं. त्या वळणावर त्याचा वेग क्षणभर शून्य असतो. तिथं बटण दाबलं तर १/१२५ लाही हात स्वच्छ येतो, आणि दिसायलाही उगारलेला हातच जोरकस दिसतो. पानावर टेकलेल्या टिपऱ्यात जोर दिसत नाही. पथकाचा ठेका आधी एक-दोन आवर्तनं नुसता ऐकायचा आणि बटण ठेक्याच्या किंचित आधी दाबायचं, कारण बोट आणि कॅमेरा दोघंही थोडा उशीर करतात. झोपाळा, उडी, लेझीम, दहीहंडीला वरच्या थरावर उभं राहणारं पोर, सगळीकडे असा थबकण्याचा क्षण सापडतो. ताशाला मात्र ही युक्ती लागू नाही. त्या काड्या इतक्या भरभर पडतात की तिथं एक तर १/१००० घ्यायचं, नाहीतर काड्या पुसट होऊ द्यायच्या आणि वादकाच्या चेहऱ्यावर लक्ष द्यायचं. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. अगदी गोठलेल्या काड्यांचा ताशा मुका दिसतो.

दुपारी हे सगळं जमून जातं. कडक उन्हात आयएसओ १०० आणि एफ/८ ला १/४०० सहज मिळतो (एफ हा अॅपर्चरचा आकडा; तो जितका लहान, तितकं भोक मोठं). भादव्यातलं ढगाळ आभाळ असलं तरी आयएसओ ४०० आणि एफ/५.६ ला १/४०० ते १/८०० मिळतो. खरी अडचण रात्री. मंडपाच्या दिव्यांत साधारण आयएसओ ३२०० आणि एफ/२.८ ला १/२५० निघतो. पण कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही, म्हणजे दोन स्टॉप गेले आणि हाती उरला १/६०. किट लेन्सवर रात्री हात पुसला जातो तो यामुळे. उपाय दोन. आयएसओ १२८०० पर्यंत जाऊ द्यायचा आणि दाणे सोसायचे, किंवा ५० मिलिमीटर एफ/१.८ ची साधी लेन्स घ्यायची. एफ/२ ला तीच आयएसओ ३२०० ठेवून १/५०० मिळतो. नवी बॉडी घेण्याआधी ही लेन्स घ्यावी.

सेटिंग कसं लावायचं? शटर प्रायॉरिटी, म्हणजे डायलवर एस आणि कॅननवर टीव्ही, हा सगळ्यांना पहिल्यांदा सुचवला जाणारा मोड. त्यात धोका असा की तुम्ही १/१००० मागितलं आणि प्रकाश तेवढा नसला, तर अॅपर्चर पूर्ण उघडूनही कॅमेरा फोटो काढतोच, काळा. बऱ्याच कॅमेऱ्यांत तेव्हा अॅपर्चरचा आकडा लुकलुकतो, पण गर्दीत ते बघायला कोणाला वेळ असतो? त्यापेक्षा एम (मॅन्युअल) मोड, शटर १/५००, अॅपर्चर लेन्सचं सगळ्यांत उघडं, आणि आयएसओ ऑटोवर, ही जोडी सरस. ऑटो आयएसओची कमाल मर्यादा मेनूत स्वतः ठरवून द्यायची. ए मोड (अॅपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) आवडत असेल तर बहुतेक कॅमेऱ्यांच्या ऑटो आयएसओच्या मेनूत किमान शटर स्पीड ठरवायची सोय असते; ती १/२५० ला बांधून टाकली की कॅमेरा आपणहून खाली घसरत नाही.

मंडपात आणखी एक तक्रार हमखास ऐकू येते: फोटोवर आडवे काळपट पट्टे आलेत, कॅमेरा बिघडलाय. बिघडलेला नसतो. हे समजायला शटर आतून पाहावं लागेल. त्यात दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडतो, दुसरा त्याच्यामागून येऊन झाकतो. १/२०० किंवा १/२५० पर्यंत असा एक क्षण येतो की अख्खा सेन्सर एकदम उघडा असतो. त्याहून वेगात पडद्यांना तेवढं पळता येत नाही, म्हणून पहिला पोहोचायच्या आत दुसरा निघतो आणि सेन्सरवरून फक्त एक फट सरकत जाते. १/१००० म्हणजे ती फट अरुंद झाली. फोटोची एक कड आणि दुसरी कड वेगवेगळ्या वेळी टिपली गेली. आता दिव्यांचं बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरच्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. फट वरून खाली जाईपर्यंत दिवा मंदावला की तेवढा पट्टा काळा. १/१०० किंवा १/५० ठेवलं की एक-दोन पूर्ण फेरे पकडले जातात आणि पट्टे जातात. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये मात्र हा हिशेब बदलतो. तिथली वीज ६० हर्ट्झची, म्हणून १/६० किंवा १/१२०, नसेल तर १/१२५. एलईडीच्या मोठ्या भिंतीला यातलं काहीच लागू नाही, ती स्वतःच्या चालीनं लुकलुकते. तिथं शटर एकेक टिक बदलत बघणं एवढंच हातात आहे.

फ्लॅश लावून १/५०० ठेवल्यावर अर्धा फोटो काळा येतो, त्याचंही कारण हीच फट. फ्लॅश क्षणभरच चमकतो आणि तेवढ्यात फटीपुरताच सेन्सर उघडा असतो. फ्लॅशला १/२०० च्या आत राहा.

इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये पडदे नसतात, सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, आणि सुरुवातीच्या किमतीच्या कॅमेऱ्यांत अख्खा वाचायला १/१५ ते १/६० सेकंद लागतो. आकडा १/४००० दाखवत असला तरी वरची ओळ आणि खालची ओळ यांत एवढं अंतर पडतं. सरळ टिपरू वाकडं दिसतं, धावत्या एसटीच्या खिडक्या तिरप्या होतात. हलणाऱ्या विषयाला मेकॅनिकल शटरच वापरा. आवाजरहित मोड कीर्तनात आणि लग्नाच्या मंगलाष्टकांत ठीक, तेही दिवे बघून.

वेगाची खरी परीक्षा आषाढी वारीतल्या रिंगणात होते. माउलींचा आणि स्वाराचा असे दोन अश्व गोलात दौडतात, ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचं पुरंदवड्याला, तुकोबांचं बेलवाडीला. घोडा ताशी ४० किलोमीटरनं गेला तर १/१००० सेकंदात अंग ११ मिलिमीटर सरकतं, आणि पुढे फेकलेली टाप अंगापेक्षा बरीच जास्त. म्हणून १/१६०० ते १/२०००. ढगाळ दुपारी आयएसओ ८०० आणि एफ/५.६ ला १/१६०० मिळून जातो. फोकस सतत पाठलाग करणारा हवा, कॅननवर सर्व्हो, इतरांकडे एएफ-सी. दौडीत घोड्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात का, हा वाद १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारानं ओळीनं कॅमेरे लावून मिटवला. असतात, पण चित्रकार काढायचे तसे पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. रिंगणात बर्स्ट काढताना हे ठाऊक असलेलं बरं. पाय गोळा झालेली फ्रेम निवडायची.

मात्र गोठवलेला घोडा कधीकधी उभ्या पुतळ्यासारखा वाटतो, त्यावर पॅनिंग हा उतारा. शटर १/३० ते १/६०, पाय रोवलेले, कमरेतून वळत घोड्याबरोबर कॅमेरा फिरवायचा आणि बटण दाबल्यावरही फिरवतच राहायचं. दाबताक्षणी थांबतो तो माणूस फोटो घालवतो. लेन्सवर पॅनिंगचा स्टॅबिलायझेशन मोड असेल तर तो लावायचा. घोड्याचं डोकं वरखाली होतं म्हणून हे अवघड आहे. सराव रस्त्यावरच्या सायकलवाल्यावर करावा, तो एका पातळीत जातो. बहुतेक फोटो वाया जातील, त्याचं काही वाटून घेऊ नका.

दुसऱ्या टोकाला शटर लांबवणं. फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या डागेरनं १८३८ च्या सुमारास पॅरिसमधल्या रहदारीच्या रस्त्याचा फोटो घेतला, तो काही मिनिटांचा. रस्ता ओस दिसतो. घोडागाड्या, माणसं, कोणीच प्लेटवर टिकलं नाही. टिकला तो बुटांना पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला माणूस. लांब शटरचं सगळं कसब यात आहे: जे स्थिर ते राहतं, जे चालतं ते पुसलं जातं. नवशिक्याचं लक्ष पुसल्या जाणाऱ्या पाण्याकडे असतं, खरं तर चौकटीत काय स्थिर राहणार हे आधी शोधायचं असतं.

साताऱ्याजवळ ठोसेघरला किंवा पावसाळ्यात घाटातल्या कुठल्याही धबधब्यावर जा. ढगाळ आभाळात आयएसओ १०० आणि एफ/११ ला १/५० येतो. एवढ्यात पाणी ना गोठत ना वाहत, नुसतं घाण दिसतं. एफ/२२ करून शटर लांबवायचा मोह टाळा, एपीएस-सी वर तिथं सगळाच फोटो मऊ पडतो. एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, लेन्सवर लावा. तीन स्टॉपच्या एनडी ८ नं १/६ सेकंद होतो, सहा स्टॉपच्या एनडी ६४ नं सव्वा सेकंद, दहा स्टॉपच्या एनडी १००० नं सुमारे २० सेकंद. मला विचाराल तर धबधब्याला १/६ ते १/२ हीच हद्द. त्यात धारा वेगवेगळ्या ओळखू येतात. २० सेकंदांत दुधाचा लोट होतो आणि पाणी कुठून कसं उडतंय ते काहीच कळत नाही. तो फिल्टर समुद्रासाठी आणि ढगांसाठी ठेवा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा, ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. लाकडी पुलावर उभे असाल तर शेजारचे लोक चालायचे थांबेपर्यंत थांबा. कोरडं फडकं खिशात हवंच; तुषार लेन्सवर बसतात आणि ते घरी गेल्यावर दिसतात.

फोनवाल्यांसाठी थोडक्यात. बहुतेक फोनचं अॅपर्चर बदलत नाही, त्यामुळे हातात फक्त शटर आणि आयएसओ. बऱ्याच अँड्रॉइडच्या प्रो मोडमध्ये ते मिळतं. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्स्पोजरचा परिणाम देता येतो, धबधब्याला तो बरा लागतो. नाइट मोड अनेक फोटो काढून एकत्र करतो, म्हणून मिरवणुकीत तो बंदच ठेवा. नाचणाऱ्यांची भुतं होतात.

मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची भागात काजव्यांचे फोटो काढायला गर्दी होते, तिथं शटर १५ ते ३० सेकंद, आयएसओ १६०० ते ३२००, लेन्स एफ/२.८ किंवा त्याहून उघडी. उजेड असतानाच लांबच्या झाडावर फोकस करून मॅन्युअलवर टाका, अंधारात फोकस बसत नाही. ठिपक्यांनी भरलेलं झाड एका फोटोत मिळत नाही, ट्रायपॉड न हलवता एकामागून एक बरेच फोटो काढून ते नंतर एकत्र करावे लागतात. इथं एक गोष्ट भल्याभल्यांना गोंधळात टाकते: ३० सेकंदांचं शटर बंद झाल्यावर कॅमेरा पुढचे ३० सेकंद गप्प. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असतं; कॅमेरा तेवढ्याच वेळाचा काळा फोटो काढून दाणे वजा करत असतो. मेनूत जाऊन ते बंद करा, नाहीतर निम्मे काजवे सुटतात. आणि टॉर्च, फ्लॅश दोन्ही नको: त्या उजेडानं काजव्यांचं जोडीदार शोधणं बिघडतं, शिवाय शेजारी शटर उघडून बसलेल्याची फ्रेमही जाते.